घडणावळीचे मोल

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सोन्याच्या पेढीवर गेलेले मराठी कुटुंब सर्वसाधारणपणे तीन प्रश्न विचारते. आजचा भाव काय, वजन किती भरले आणि घडणावळ किती लावणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे निमूटपणे मान्य केली जातात. भाव जगाच्या बाजारात ठरलेला असतो आणि काटा समोरच असतो. घासाघीस होते ती केवळ तिसऱ्या प्रश्नावर. म्हणजेच त्या दागिन्यात माणसाच्या हाताचे, डोळ्यांचे आणि बुद्धीचे म्हणून जे काही असते, नेमके तेवढेच आपल्याला महाग वाटते. पुढे कधी प्रसंग आला आणि तो डाग मोडीत घालावा लागला, तर घडणावळीचा एक पैसाही परत मिळत नाही. सोन्याचे मोल राहते, सोनाराचे मुशीत विरघळून जाते.

हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही विसंगती असेल अशी शंकाही येत नाही. परंतु गेल्या सत्तर वर्षांत युरोपमध्ये सुवर्णकारांची एक अशी पिढी उभी राहिली, जिने नेमका हाच हिशेब उलटा करून पाहिला. सोने किती, हा प्रश्न तिने गौण ठरविला आणि घडविले कोणी व का, हा प्रश्न पुढे आणला. या मंडळींना ‘स्टुडिओ गोल्डस्मिथ’ म्हणतात. स्वतः कल्पना करायची, स्वतः मूस पेटवायची, स्वतःच ऐरणीवर बसायचे आणि तयार झालेल्या वस्तूवर स्वतःचे नाव घालायचे, ही त्यांची रीत. चित्रकार जसा आपल्या चित्रशाळेत काम करतो तसा हा सुवर्णकार आपल्या कार्यशाळेत करतो. त्याच्यामागे पेढी नसते, कारखाना नसतो आणि गिऱ्हाइकाने आणून दिलेला नमुनाही नसतो.

युरोपला ही गोष्ट संपूर्णतः नवी होती असे मात्र नाही. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्समध्ये सोनाराचे दुकान हीच कलाशाळा होती. तेथील प्रधान मंदिराचा प्रचंड घुमट उभारणारा ब्रुनेलेस्की मुळात सुवर्णकार म्हणून तयार झालेला होता. बाप्टिस्टरीची प्रसिद्ध कांस्यद्वारे करणारा गिबेर्ती तोच व्यवसाय शिकला होता. जर्मनीचा थोर चित्रकार ड्यूरर हा सोनाराचा मुलगा, आणि तोही आधी बापाच्या दुकानात बसला. या परंपरेचा शेवटचा मोठा पुरुष म्हणजे बेन्व्हेनुतो चेल्लिनी. फ्रान्सच्या राजासाठी त्याने १५४० ते १५४३ या काळात केलेले सोन्याचे मीठदान आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. सागराची देवता आणि पृथ्वीची देवता समोरासमोर बसलेल्या आहेत, एकाजवळ मिठासाठी नौका आणि दुसरीजवळ मिरीसाठी छोटे देऊळ. २००३ साली ते चोरीस गेले होते. २००६ च्या जानेवारीत एका जंगलात पुरलेले सापडले. चेल्लिनीने आयुष्यभर सोन्यात काम केले, परंतु निःसंशय त्याचे म्हणता येईल असे सोन्याचे एवढेच एक काम उरले आहे. बाकीचे वितळले. गंमत अशी की, १५२७ मध्ये रोमवर स्वारी झाली तेव्हा पोपच्या आज्ञेवरून तेथील मुकुटांची रत्ने काढून सोने वितळविण्याचे काम याच चेल्लिनीने केले होते. आधीच्या सोनारांचे काम त्याने मुशीत घातले आणि पुढच्यांनी त्याचे घातले. मोडीचा हा न्याय केवळ आपल्याकडचाच नाही.

१५६३ मध्ये फ्लॉरेन्सला चित्रकार, मूर्तिकार आणि वास्तुकार यांची स्वतंत्र अकादमी स्थापन झाली. हळूहळू युरोपात कला वेगळी आणि कारागिरी वेगळी अशी उतरंड रचली गेली. चित्रकार वर गेला, सोनार खाली राहिला. पुढे यंत्रयुग आले आणि त्याचे उरलेसुरले स्थानही डळमळले. जर्मनीतील फोर्त्सहाइम या गावाचे उदाहरण घेता येईल. १७६७ साली तेथील राजाने एका अनाथालयात घड्याळे व दागिने करण्याचा उद्योग सुरू करविला आणि शतकभरात ते गाव ‘सुवर्णनगरी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथे हजारो हात राबत, पण प्रत्येक हाताला दागिन्याचा एकच तुकडा माहीत. कोणी फक्त ठसे मारी, कोणी फक्त झाळ लावी. फेब्रुवारी १९४५ मध्ये एका रात्रीच्या बॉम्बवर्षावात या गावातील सुमारे सतरा हजारांहून अधिक माणसे मेली आणि गाव बेचिराख झाले. त्याच गावात १९६१ साली केवळ दागिन्यांचे संग्रहालय उघडण्यात आले. उद्ध्वस्त झालेल्या समाजाला अलंकारांसाठी वास्तू बांधावीशी वाटली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

युद्धोत्तर जर्मनीतील या नव्या वळणाचा विचार हेर्मान युंगर यांच्याशिवाय करता येत नाही. त्यांचा जन्म १९२८ चा, हानाउ या गावचा. हानाउ हेही सोनारांचेच गाव. १७७२ पासून तेथे सुवर्णकारांसाठी चित्रकलेची अकादमी आहे. युंगर तेथे शिकले, पुढे म्युनिकच्या ललितकला अकादमीत फ्रान्ट्स रिकर्ट या चांदीकाम करणाऱ्या गुरूंकडे त्यांनी धडे घेतले. त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली, आणि १९७२ ते १९९० अशी अठरा वर्षे ते त्याच अकादमीत प्राध्यापक होते. २००५ साली त्यांचे निधन झाले.

युंगर यांनी नेमके काय केले? सोनाराचे चांगले काम म्हणजे गुळगुळीत, काटेकोर, जेथे हाताची खूणही दिसत नाही असे काम, ही त्या काळातील जर्मन कारागिराची व्याख्या होती. युंगर कामाला बसण्यापूर्वी कागदावर जलरंगात रेखाटने करीत. ओल्या कागदावर रंग पसरतो, रेघ थरथरते, कडा पुसट होतात. या रेखाटनातील तो जिवंतपणा धातूत कसा उतरवायचा, हा त्यांनी स्वतःला घातलेला प्रश्न होता. म्हणून त्यांच्या पदकांवर पत्र्याची कड थोडी वाकडी राहते, मीना कोंदणाबाहेर डोकावतो आणि झाळ लावल्याची जागा लपविलेली नसते. वरवर पाहणाऱ्यास ते शिकाऊ मुलाचे काम वाटावे! परंतु शिकाऊ मुलाच्या हातून चूक होते. येथे प्रत्येक वाकडेपण जाणून ठेवलेले असते. ज्याला सरळ रेघ मारता येते त्यानेच रेघ वाकडी मारण्याचा अधिकार घ्यावा, हे त्यांच्या कामाकडे पाहिल्यावर पटते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक प्रकार सुरू केला. एक छोटी पेटी. तिच्यात गळ्यात घालायची साधी तार आणि तिच्यात ओवण्यासाठी काही निरनिराळे आकार. एखादी सोन्याची वाटोळी चकती, एखादा लाजवर्दीचा तुकडा, एखादा साध्या काळ्या दगडाचा घन. त्यांतले कोणते, किती आणि कोणत्या क्रमाने ओवायचे हे घालणाऱ्या बाईने ठरवायचे. पेटी बंद असताना ते एक चित्र असते, गळ्यात आल्यावर अलंकार होतो. सोन्याच्या चकतीशेजारी रस्त्यावर सापडेल असा दगड त्याच मानाने बसतो. आपल्याकडील कोणत्याही आजीला ही कल्पना परकी वाटणार नाही. पोतीत दोन मणी पोवळ्याचे, दोन सोन्याचे आणि मधे काळे, हा क्रम घरातल्या बायकाच ठरवीत आल्या आणि पटवेकऱ्याकडून हवे तसे गाठवून घेत आल्या.

युंगर यांचा शिष्य, आणि १९९१ मध्ये त्यांच्या जागी आलेला प्राध्यापक, म्हणजे स्वित्झर्लंडचा ओटो क्यून्झली. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. त्यापूर्वी औंसाला पस्तीस डॉलर असलेला भाव जानेवारी १९८० मध्ये साडेआठशेवर गेला. जगभर लोक सोन्यामागे धावत होते. त्याच वर्षी क्यून्झलीने एक कडे केले. काळ्या रबराची नळी वाकवून तिची टोके जोडलेली आणि आत कोठेतरी सोन्याची एक गोळी. बाहेरून दिसतो तो केवळ रबराचा फुगवटा. नाव ठेवले, ‘सोने आंधळे करते’. हे कडे घेणाऱ्याला आत सोने आहे हे पाहता येत नाही. पाहायचे तर कडे कापायला हवे, आणि कापले की कलाकृती संपली. उरतो तो घडविणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास.

येथे क्षणभर थांबून कोल्हापुरी साजाकडे पाहावे. साजाचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. दशावतारांची आणि अष्टमंगलांची पाने त्या मण्यांमधून ओवलेली. वजनातून लाख किती वजा करायची हे सोनार सांगतो आणि गिऱ्हाईक मान डोलावते. क्यून्झलीच्या कड्यात सोने आत आहे आणि हलकी वस्तू बाहेर, तर साजात सोने बाहेर आणि हलकी वस्तू आत. दोन्हीकडे कानस लावल्याशिवाय खरे कळत नाही आणि कानस लावण्याची कोणाची इच्छा नसते. फरक इतकाच की, म्युनिकच्या कलावंताने त्या विश्वासाकडेच बोट दाखविले आणि कोल्हापूरच्या सोनाराने तो न बोलता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. ज्याने सांभाळला त्याचे नाव कोणत्याही संग्रहालयात नाही.

सोनारावर विश्वास ठेवणे आणि त्याच्यावर संशय घेणे, या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत बरोबरीनेच चालत आल्या आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. राज्याच्या सुवर्णशाळेला चार खोल्या आणि दार मात्र एकच असावे, कामगारांची आत येताना व बाहेर जाताना झडती घ्यावी, असा दंडक तेथे आहे. त्यापुढच्या प्रकरणात सोनार सोने कसे चोरतो याच्या युक्त्या इतक्या बारकाईने वर्णिलेल्या आहेत की, ग्रंथकाराने प्रत्यक्ष शेगडीशेजारी बसून त्या पाहिल्या असाव्यात अशी शंका यावी. आपली ‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा’ ही म्हण त्याच धाटणीची. पण दुसरीकडे ‘सोनारानेच कान टोचावे’ हेही आपणच म्हणतो. तान्ह्या मुलाचा कान ज्याच्या हाती द्यायचा तो हात निष्णात आणि हलका असतो, याची खात्री त्या म्हणीत आहे. त्याच समाजाने नरहरी सोनारांना संतांच्या मांदियाळीत बसविले. पंढरपूरच्या या सोनाराची कथा सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठलाचा करदोडा करून दिला, तर एकदा सैल आणि एकदा आखूड. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले. भक्तीच्या अंगाने या कथेचा अर्थ अनेकांनी सांगितला आहे. परंतु सोनारकीच्या अंगानेही तिच्यात एक तथ्य आहे: दागिना अंगावर बसायचा तर माप प्रत्यक्ष हातानेच घ्यावे लागते, सांगोवांगीच्या मापावर तो बसत नाही. नरहरींच्या अभंगांत मूस, ऐरण, हातोडी अशी सगळी हत्यारे परमार्थाची प्रतीके म्हणून येतात. व्यवसाय आणि साधना यांत त्यांना भेद दिसला नाही.

क्यून्झलीचे आणखी एक काम येथे सांगितलेच पाहिजे. १९८५-८६ मध्ये त्याने वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्या विकत घेतल्या आणि त्यांतल्या अठ्ठेचाळीस एकमेकींत गुंतवून एक साखळी केली. काही अंगठ्यांच्या आत नावे आणि तारखा कोरलेल्या आहेत. पाहायला साधी सोन्याची साखळी. पण गळ्यात घालू म्हटले तर हात थबकतो. वैधव्य, घटस्फोट, दारिद्र्य, मृत्यू, काय काय त्या कड्यांत अडकलेले असेल? सोन्याला भूतकाळ नसतो, कारण ते वितळते, असे बाजार मानतो. क्यून्झलीने अंगठ्या वितळविल्या नाहीत. एवढेच केले. ज्या घरात एखाद्या अडचणीच्या वर्षी पाटल्या मोडल्या गेल्या असतील, त्या घरातील माणसाला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही.

या चळवळीचा एक अतिरेकी टप्पाही होता. १९६० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँडमधील तरुणांनी सोन्यावरच बहिष्कार घातला. ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, कागद चालेल, पण धनिकांचे सोने नको, असा त्यांचा पवित्रा होता. त्यांचा अग्रणी खाइस बाकर याने १९७३ मध्ये सोन्याची तार दंडावर घट्ट आवळून ती काढून घेतली आणि कातडीवर उमटलेला वळ हाच दागिना, असे जाहीर केले. कल्पना म्हणून ही चतुराई मान्य करता येईल. परंतु वळ तासाभरात जातो, आणि दागिना ही लेकीसुनांना द्यायची वस्तू आहे. १९८५ मध्ये त्याच देशातील रॉबर्ट स्मिट हा कलावंत पुन्हा सोन्याकडे वळला, तेव्हा जणू धर्मद्रोह घडल्याप्रमाणे वाद पेटला. वस्तुतः दोष सोन्याचा नव्हताच. शुद्ध सोने गंजत नाही, काळवंडत नाही, एका ग्रॅमची दोन किलोमीटर लांब तार निघते आणि हजारदा वितळविले तरी त्याचा गुण जात नाही. हाताला इतके वश होणारे दुसरे द्रव्य नाही. ते श्रीमंतांना आवडते म्हणून त्याचा त्याग करायचा, हा कारागिरीचा विचार नव्हे.

इटलीतील पादुआच्या मंडळींनी ही चूक केली नाही. तेथील पिएत्रो सेल्व्हातिको या कलाशाळेत मारिओ पिंतोन, त्यांचे विद्यार्थी फ्रांचेस्को पावान आणि पुढे जामपाओलो बाबेत्तो यांनी सोने सोडले नाही, त्याचा दिमाख मात्र सोडला. बाबेत्तोच्या कामात पातळ पत्र्याची पोकळ, कोनाकोनांची घडण असते, एखाद्या वास्तूच्या भिंतींसारखी. रत्न बहुधा नसतेच. असलाच तर काळा निएलो किंवा एखादा उजळ रंग. उजेड पत्र्यावर पडला की कडा बोलू लागतात. शिवाय ही सारी शिकवण एका सरकारी शाळेत, सर्वसाधारण घरांतून आलेल्या मुलांना मिळत होती, ही गोष्ट अधिक महत्त्वाची.

या सर्व नवेपणाच्या मुळाशी जुन्या विद्येचा केवढा ध्यास होता, याचे उत्तम उदाहरण म्हणजे रव्याचे काम. इटलीतील एट्रुस्कन लोकांनी ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकांत सोन्याच्या पृष्ठावर सोन्याचेच बारीक रवे जडवून नक्षी केली. काही रवे पाव मिलिमीटरहूनही लहान आहेत. आपल्याकडेही ही विद्या होती. तक्षशिलेच्या सिरकप येथील उत्खननात सापडलेल्या सुवर्णालंकारांवर असे रव्याचे काम आहे. आता यातील अडचण सोनारालाच कळेल. नेहमीची झाळ वापरली तर ती पाघळून रव्यांच्या मधल्या फटी भरून टाकते आणि रवे न दिसता नुसता खरखरीत थर दिसतो. झाळ न लावता तापवावे तर रवे चिकटण्याआधी पत्राच वितळेल. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने जुन्या अलंकारांचा अभ्यास करून हे रहस्य उलगडण्यासाठी आयुष्ये वेचली, तरी प्राचीनांची बारकाई त्यांना साधली नाही.

उत्तर १९३० च्या दशकात मिळाले. लिटलडेल या इंग्रज संशोधकाने दाखविले की, रवे तांब्याच्या क्षाराने व साध्या डिंकाने चिकटवायचे आणि सावकाश तापवायचे. आधी क्षाराचे तांब्याच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. सहाशे अंशांच्या सुमारास डिंकाचा कोळसा होतो. साडेआठशेच्या आसपास तो कोळसा ऑक्साइडमधील प्राणवायू ओढून घेतो आणि शुद्ध तांब्याचा अतिसूक्ष्म थर मागे राहतो. आठशे नव्वद अंशांवर हे तांबे आणि सोने ज्या बिंदूपाशी एकमेकांना टेकलेले असतात तेवढ्याच बिंदूपाशी एकजीव होतात. रवा गोलच राहतो, फट मोकळी राहते. सोने आणि तांबे वेगवेगळे असताना ज्या उष्णतेवर वितळणार नाहीत, त्याहून कमी उष्णतेवर त्यांचा संधी जुळतो. सारी विद्या या एका गोष्टीत आहे. आणि ती निरक्षर म्हणता येतील अशा कारागिरांना अडीच हजार वर्षांपूर्वी हातानेच कळलेली होती!

त्याच सुमारास जर्मनीत एलिझाबेथ ट्रेस्को या विदुषीनेही स्वतःच्या प्रयोगांतून रव्याचे काम साध्य केले. कलोनच्या कलाशाळेत तिने पुढे पिढी घडविली. १८९८ साली जन्मलेल्या आणि १९९२ पर्यंत जगलेल्या या बाईंचे नाव सामान्य जर्मन माणसाला कदाचित ठाऊक नसेल. परंतु दरवर्षी फुटबॉलचे विजेतेपद मिळविणारा संघ जी चांदीची तबकडी उंचावतो ती तिनेच आपल्या विद्यार्थ्यांसह १९४९ मध्ये घडविली.

इंग्लंडची हकीकत थोडक्यात सांगता येईल. लंडनच्या सुवर्णकार संघाच्या सभागृहात १९६१ मध्ये आधुनिक अलंकारांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि तेथून नव्या कामाला तोंड फुटले. अँड्र्यू ग्रिमाने झाडाच्या सालीसारखे, शेवाळासारखे खडबडीत सोने घडविले. लहानपणी ऑस्ट्रियातून जीव वाचवून लंडनला आलेल्या गेर्डा फ्लॉकिंगर यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन १९७१ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने भरविले.

परंतु इंग्लंडकडून घेण्याजोगी गोष्ट कलेपेक्षा कायद्यात आहे. तेथे सोन्याचांदीचा कस तपासून बिबट्याच्या मुखाचा छाप मारण्याची प्रथा १३०० पासूनची. १३६३ पासून त्या छापाशेजारी घडविणाऱ्याचा स्वतःचा ठसाही असलाच पाहिजे, असा नियम झाला. १४७८ पासून माल तपासणीसाठी सोनारांच्या ‘हॉल’मध्ये आणावा लागू लागला आणि त्यावरून ‘हॉलमार्क’ हा शब्द आला. मूळ हेतू अर्थातच फसवणूक पकडण्याचा, म्हणजे कौटिल्याचाच. पण सहाशे वर्षांत त्या ठशाचा अर्थ पालटला. आज तेथील तरुण सुवर्णकार आपली आद्याक्षरे नोंदवून स्वतःचा ठसा करवून घेतो, तेव्हा ती त्याची सही असते. जे चिन्ह चोर पकडण्यासाठी होते, ते कर्ता ओळखण्यासाठी उपयोगी पडले.

आपल्याकडे काय घडले? युंगर म्युनिकजवळ आपली कार्यशाळा उभी करीत होते आणि फोर्त्सहाइमला संग्रहालय उघडत होते, त्याच दशकात, जानेवारी १९६३ मध्ये, भारतात सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले. नवीन दागिना चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचा करण्यास बंदी. देशावर युद्ध ओढवले होते, परकीय चलनाची तंगी होती, हे सारे खरे. पण बावीस कॅरटवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेल्या सोनाराला एका आदेशाने बेकार करण्यात आले. हजारो कुटुंबे देशोधडीस लागली, सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. कॅरटची बंदी १९६६ मध्ये उठली. १९६८ चा कायदा, त्याचे परवाने आणि नोंदवह्या मात्र १९९० पर्यंत राहिल्या. या सत्तावीस वर्षांत किती बापांनी आपल्या मुलाला ऐरणीवरून उठवून कारकुनीला लावले, याची गणती कोणी ठेवलेली नाही. पेढ्या तगल्या. मोडला तो हात.

त्यानंतर ओतकामाची यंत्रे आली, साखळ्या विणणारी इटालियन यंत्रे आली, संगणकावर आकार काढून मेणाचा साचा छापणे आले. यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. म्युनिकचे कलावंतही यंत्रे वापरतात. प्रश्न असा की, नथीचा आकडा नाकाला न टोचता कसा बसवायचा, ठुशीचे मणी एकमेकांना कसे बिलगले पाहिजेत, वज्रटीक गळ्यावर सपाट का बसली पाहिजे, हे ज्याला हाताने कळते तो माणूस आता कोठे बसतो? बहुधा एखाद्या मोठ्या शहरातील गल्लीत, दुसऱ्याच्या नावाच्या पेढीसाठी, तुकड्यावर मजुरी घेत. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर भागातील गलाई करणारी मराठी माणसे साऱ्या देशात सोने शुद्ध करीत बसलेली आहेत. सोनाराच्या दुकानातील धूळ धुऊन कण वेचणारे झारेकरी आपल्याच गावांतले. या व्यवसायाची संपूर्ण साखळी आपल्या माणसांनी धरलेली असून तिच्यातील एकाही कडीवर नाव नाही.

हे पूर्वी सदैव असेच होते असेही नाही. गोव्याच्या एका सोनाराची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत ‘राउलु शातिं’ अशा नावाने झालेली आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी तो लिस्बनला गेला आणि तेथे राजा मानुएलसाठी त्याने काम केले. उच्चार बिघडला असेल, पण नाव टिकले.

उलट बाजूही प्रांजळपणे मांडली पाहिजे. युरोपातील या कलावंतांचे काम बहुतांशी संग्रहालयांच्या काचेआड आणि थोड्या संग्राहकांच्या खणांत आहे. म्युनिकला १९५९ पासून दरवर्षी नव्या अलंकारांचे प्रदर्शन भरते, २००४ पासून तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयात अलंकारांसाठी स्वतंत्र दालन आहे. परंतु म्युनिकची सामान्य गृहिणी ते दागिने घालत नाही. तेथे कलावंत आहे, नाव आहे, मान आहे. नाही तो प्रसंग. आपल्याकडे बारशापासून ओटीभरणापर्यंत आणि पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत प्रसंगांना तोटा नाही. अलंकाराला जे अंग हवे, जो दिवस हवा, तो येथे आयताच आहे. नाही ते फक्त घडविणाऱ्याचे नाव. कोणाची उणीव मोठी, हे प्रत्येकाने ठरवावे. पण भरून काढण्यास सोपी कोणाची, याविषयी शंका नसावी.

भारतीय मानक ब्युरोची सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्कची योजना २००० साली सुरू झाली. जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी सांकेतिक खुणेशिवाय हॉलमार्कचा नवा दागिना विकता येत नाही. ही खूण भ्रमणध्वनीवर टाकली की, दागिना कोणत्या सराफाने नोंदविला, कोणत्या केंद्रात तपासला, कस किती, हे सारे क्षणात कळते. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय. दुसरीकडे सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांमध्ये सोनाराचा समावेश आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. म्हणजे एका नोंदवहीत दागिना आहे आणि दुसऱ्या नोंदवहीत कारागीर आहे. दोन्ही सरकारच्याच. त्या दोहोंमध्ये आज एक रकाना नाही. हा रकाना असावा, अशी मागणी सराफ संघांनी, ग्राहकांच्या संघटनांनी आणि सोनार समाजाच्या मंडळांनी एकत्रितपणे करण्यास कोणाची हरकत असू नये. त्यासाठी ना सोन्याचा भाव वाढावा लागतो, ना कस.

तोवर घरोघरी करता येईल असे एक काम आहे. पेटीतील जुने डाग पुढच्या वेळी काढले जातील तेव्हा कोणता दागिना कोणाच्या लग्नात केला, हे घरातील वडीलधारी माणसे सांगतीलच. कोणत्या गावच्या, कोणत्या सोनाराकडून घडवून घेतला, हेही त्यांना त्याच वेळी विचारून कागदावर लिहून ठेवावे. अनेक घरांत ते नाव सांगू शकणारे एकच माणूस आता उरलेले आहे.